स्टेशनात राहणारी माणसं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे, आणि जे जास्त झालं ते थोडं काढलं आहे.)



मला 'आपली सोसायटी : काल आणि आज' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. तो विषय मी थोडा वळवून घेतला आहे. काल काय होतं ते इथल्या निम्म्या लोकांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. बोनकोडे गावठाणाच्या कडेला खाडीचं खारं वारं, संध्याकाळी डास, आणि वाशीला जायला बसची वाट पाहणं. ठाण्याकडून प्रवाशांची गाडी कोपरखैरण्याला थांबायला लागली ती २००४ च्या नोव्हेंबरात. तोपर्यंत पावणेआठची बस चुकली की फोर्टातल्या माझ्या बँकेत लेट मार्क ठरलेला. ते सगळं पुन्हा सांगत नाही. आज मी तुम्हाला एका रेल्वे स्टेशनाची गोष्ट सांगणार आहे, ज्यात माणसं राहतात.

राहतात म्हणजे फलाटावर झोपतात असं नव्हे. ते आपल्याला माहीत आहे. स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये, दाराला पाटी लावून, मेंटेनन्स भरून राहतात.

मुलगी लंडनला असते हे तुम्हाला माहीत आहेच. २०१३ साली सौ. आणि मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. ती मिल हिल नावाच्या भागात राहते. तिथून लोकल पकडली की सेंट पँक्रस स्टेशन येतं. पहिल्याच दिवशी जावईबापू म्हणाले, "बाबा, आज तुम्हाला तुमचं व्ही. टी. दाखवतो." मला वाटलं थट्टा करताहेत. स्टेशनातून बाहेर रस्त्यावर आलो, मागे वळून पाहिलं आणि खरंच थबकलो. तीच लाल-पिवळी नक्षीदार दगडी कामं, टोकदार कमानी, मनोरे, घड्याळ. मी अडतीस वर्षं व्ही. टी.ला उतरून फोर्टात चालत गेलेला माणूस. मला कुणीतरी घरी आणून सोडल्यासारखं झालं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा योगायोग नाही. आपल्या व्ही. टी.चा आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. १८७८ साली त्याला हे काम मिळालं तेव्हा तो आधी युरोपात जाऊन तिथली स्टेशनं पाहून आला, आणि सेंट पँक्रस तेव्हा नवीकोरी होती. तिचा पुढचा भाग म्हणजे मिडलँड ग्रँड हॉटेल. ते जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या आर्किटेक्टने बांधलं आणि १८७३ साली सुरू झालं. मागचा फलाटांवरचा मांडव विल्यम बार्लो या इंजिनिअरचा, १८६८ चा. पुढे राजवाडा आणि मागे मांडव, ही रचना दोन्हीकडे सारखी. फरक एवढाच की त्यांच्या राजवाड्यात हॉटेल होतं आणि आपल्यात जी.आय.पी. रेल्वेची कचेरी. ती कचेरी आजही तिथेच आहे. नाव बदललं, मध्य रेल्वे झाली, पण साहेब लोकांच्या खुर्च्या तिथेच.

आपल्या व्ही. टी.बद्दल दोन गोष्टी सांगून पुढे जातो, कारण आपण तिथून रोज गेलो आणि वर मान करून कधी पाहिलं नाही. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली हे शाळेत शिकलो. ती गाडी सुटली तेव्हा ही इमारत नव्हती. हिचं बांधकाम दहा वर्षं चाललं, १८८८ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या आदल्या वर्षी राणीच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव होता म्हणून तिचं नाव दिलं. म्हणजे तीही महोत्सवी इमारतच. खर्च आला सुमारे सोळा लाख चौदा हजार रुपये. (इथे सभागृहात हशा झाला. तेवढ्यात आज आपल्या बोनकोड्यात वन आर.के. सुद्धा येत नाही.) पिवळसर दगड मालाडचा. नक्षीकाम जे. जे. कलाशाळेतल्या मुलांनी केलं, आपल्याच इथल्या. स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव नावाचे इंजिनिअर होते. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे आणि दुसरीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मधल्या घुमटाच्या खाली मोठा जिना आहे. घुमटावर बाई उभी आहे, तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक. ती राणी नव्हे. तिचं नाव 'प्रगती'. अडतीस वर्षं मी तिला राणीच समजत होतो, हे कबूल करतो.

आता सेंट पँक्रसकडे येतो. मी आर्किटेक्ट नाही, इंजिनिअर नाही. बँकेत कर्जाच्या फाइली वाचत आलो. त्यामुळे कुठलीही इमारत पाहिली की मला पहिला प्रश्न पडतो तो हा की हिचं चाललं कसं, आणि बुडाली असेल तर कशामुळे.

हे हॉटेल चांगलंच बुडालं. सुरू झालं तेव्हा त्या काळातलं एकदम आधुनिक. पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट होती, तीनशेच्या आसपास खोल्या. आग लागू नये म्हणून मजल्यांची जमीन जाड काँक्रीटची केली होती. पण खोल्यांना न्हाणीघरं नव्हती. सबंध हॉटेलात ती बोटांवर मोजण्याइतकी. पाहुण्यांना आंघोळीचं पाणी खोलीत टबात आणून द्यायचं, नोकर मंडळी बादल्या घेऊन जिन्याने वरखाली. १८७३ मध्ये कुणाला त्यात काही वाटलं नाही. पुढे पन्नास वर्षांनी प्रत्येक पाहुण्याला खोलीला लागून बाथरूम हवी झाली, तेव्हा पाइप टाकायला त्या जाड काँक्रीटमधून वाट काढणं परवडेना. जे सुरक्षिततेसाठी केलं तेच आडवं आलं. १९३५ मध्ये हॉटेल बंद झालं.

इथे बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आत्ता आपल्या सी विंगची भिंत आली असणार. आपणही पाइप भिंतीच्या आत घालून घेतले होते. बिल्डर म्हणाला, दिसायला छान दिसतं. छान दिसलं. आता ३०२ च्या बाथरूमचं पाणी २०२ च्या कपाटात उतरतं आणि कुठून येतं ते ब्रह्मदेवालाही सापडत नाही. दोन्ही घरच्या वहिनी आज शेजारी शेजारी बसल्या आहेत ही रौप्यमहोत्सवाचीच पुण्याई.

हॉटेल बंद झाल्यावर तिथे रेल्वेने कचेऱ्या थाटल्या. भिंतींवरची चित्रं रंगाखाली गेली, उंच छतांखाली खोटी छतं आली. १९६० च्या दशकात विषय निघाला की सगळं पाडून टाकावं. तेव्हाच्या लोकांना ही असली इमारत म्हणजे अंगावर येणारा गचाळ थाट वाटत होता. जॉन बेट्जमन नावाच्या कवीने आणि जुन्या इमारतींसाठी झगडणाऱ्या एका संस्थेने आवाज उठवला. १९६७ मध्ये सरकारने ही इमारत पहिल्या प्रतीचा वारसा म्हणून नोंदवली, आणि ती पाडणं थांबलं. आज त्या कवीचा पुतळा स्टेशनात आहे. ओव्हरकोट घातलेला, हातात पिशवी, मान वर करून बार्लोच्या मांडवाकडे बघतो आहे. त्याची ती मान वर केलेली पाहून मला माझी अडतीस वर्षं आठवली.

पण नोंद झाली म्हणजे इमारत वाचली असं होत नाही. ते मी पुढे बोलणार आहे. १९८० च्या दशकात आगीच्या नियमांत बसत नाही म्हणून कचेऱ्याही गेल्या आणि पुढचा भाग कित्येक वर्षं रिकामा पडला. मग इंग्लिश खाडीखालून पॅरिसला जाणाऱ्या गाड्या सेंट पँक्रसला आणायचं ठरलं. ६ नोव्हेंबर २००७ ला राणीच्या हस्ते नूतनीकरण झालेल्या स्टेशनाचं उद्घाटन झालं. २०११ मध्ये हॉटेल पुन्हा उघडलं. आणि हॉटेलच्या वरच्या मजल्यांवर, छपराखाली आणि मनोऱ्यांत, ६७ घरं काढली. घड्याळाच्या मनोऱ्यातसुद्धा एक घर आहे. उतरत्या छपरामुळे भिंती तिरक्या, खिडक्या टोकदार कमानीच्या, कुठे छत इतकं उंच की मध्ये पोटमाळा घालून दोन मजले केलेले. खाली पॅरिसची गाडी सुटते आणि वर कुणीतरी पोळीला, म्हणजे तिथे पावाला, लोणी लावत असतो.

आम्ही आत गेलो नाही. अनोळखी माणसाच्या घरात कसं जाणार? पण रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मी खिडक्या मोजत होतो. सौ. म्हणाली, "बघा, वरच्या खिडकीत कुंडी आहे." खरंच होती. त्या कुंडीने मला पटलं की तिथे माणसं राहतात. मुलीने मग आम्हाला खालच्या जुन्या तिकीट कचेरीत नेलं, तिथे आता खानपानाची जागा आहे. जिथे तिकीट मिळायचं तिथे चहा घेतला. किंमत पौंडांत होती. मी मनात गुणाकार केला आणि चहा अगदी शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

बार्लोच्या मांडवाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण ते मला सगळ्यात जास्त आवडलं. दोनशे चाळीस फूट रुंद लोखंडी कमान, मध्ये एकही खांब नाही. त्या वेळी जगातली सगळ्यात रुंद. एवढी मोठी कमान उभी केली की तिचे पाय बाहेर सरकायला बघतात. धनुष्य डोळ्यांपुढे आणा. दोरी नसेल तर धनुष्य सरळ होतं. बार्लोची दोरी कुठे आहे? फलाटाखाली. लोहमार्ग कालव्यावरून आणल्यामुळे फलाट रस्त्यापेक्षा सुमारे वीस फूट उंच आले होते. त्या फलाटांना खाली धरणाऱ्या लोखंडी तुळयाच कमानीचे दोन्ही पाय एकमेकांना बांधून ठेवतात. एकच तुळई वर गाड्यांचा भार घेते आणि कमानीची प्रत्यंचाही होते. बिनखर्चात दोन कामं. अशा कर्जदाराला मी डोळे मिटून मंजुरी दिली असती.

आणि फलाटाखालची जागा रिकामी ठेवली का? नाही. बर्टन गावाहून येणारी बिअरची पिंपं ठेवायला गोदाम केलं. तिथले खांब किती अंतरावर ठेवायचे ते पिंपाच्या मापावरून ठरवलं. म्हणजे त्या सबंध भव्य स्टेशनाचं माप शेवटी बिअरच्या पिंपाचं. (मागच्या रांगेतल्या तरुण मंडळींनी इथे टाळ्या वाजवल्या. त्याची नोंद घेतली आहे.) आज त्याच खांबांमधून पॅरिसला जाणारे प्रवासी रांग लावतात.

मुलांसाठी एक गोष्ट. मांडवाच्या टोकाला प्रचंड मोठं घड्याळ होतं. १९७० च्या दशकात ते एका परदेशी माणसाला विकायचं ठरलं. उतरवताना हातातून सुटलं आणि खाली पडून तुकडे झाले. रेल्वेतल्या एका गार्डने ते तुकडे पंचवीस पौंडाला विकत घेतले, गावाकडे नेले आणि एक एक जुळवून आपल्या धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर ते घड्याळ पुन्हा उभं केलं. पुढे स्टेशनाचं काम निघालं तेव्हा नवं घड्याळ करायला जुन्याचं माप कुठे मिळेना. ते त्या गार्डच्या भिंतीवर मिळालं. आजचं घड्याळ त्या मापावर केलेलं आहे.

परत आल्यावर मी शोधत होतो, आपल्याकडे स्टेशनात घरं आहेत का. नाहीत. इंग्लंडात खेड्यापाड्यांत पुष्कळ आहेत. १९६३ साली तिथे एका अहवालाने दोन हजारांवर छोटी स्टेशनं बंद करायची शिफारस केली. त्यांतली कित्येक लोकांनी विकत घेऊन घरं केली. फलाटाची बाग, प्रतीक्षालयाचं दिवाणखाना. आपल्याकडे सौ.चं माहेर कारंज्याचं. मूर्तिजापूर ते यवतमाळ जाणारी छोटी गाडी, लोक तिला शकुंतला म्हणतात, तिच्या माहेरावरूनच जायची. आता गाडी बंद आहे. गेलो होतो तेव्हा वाटेतल्या एका छोट्या स्टेशनाच्या ओट्यावर शेळ्या बसलेल्या होत्या. जागा रेल्वेची, मालक लांब, तिथे कुणी राहणार नाही आणि कुणी दुरुस्तही करणार नाही. नवी मुंबईत तर सिडकोने स्टेशनं बांधतानाच वर ऑफिसांसाठी इमारती काढल्या. वाशीचं बघा. लोहमार्गाच्या खर्चातला दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता, तो कुठून तरी वसूल व्हायला हवाच. आपल्याकडे स्टेशनात माणूस कामाला जातो, राहायला येत नाही.

भायखळा स्टेशन मात्र जाऊन बघा. १८५७ ची इमारत, अजून रोज वापरात. दुरुस्ती करून तिचं जुनं रूप परत आणलं आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. तिकिटं विकणं एक दिवस बंद न ठेवता हे काम केलं असेल, तर आपलं पाणी दोन दिवस बंद राहील म्हणून पाइप बदलायला नको म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं तिकडे येतो. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर पुनर्विकास आहे. दोन विकासकांची पत्रं आली आहेत. मी त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला उभा नाही. पण एक गोष्ट मला सभेच्या आधी सांगायची होती, आणि ती रौप्यमहोत्सवात सांगायला धीर लागतो.

२००७ ते २०११ मी खजिनदार होतो. २००८ मध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलं होतं. मी ते पुढे ढकललं. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, असा माझा बाणा. बँकेतून आलेला माणूस, शिल्लक दिसली की बरं वाटायचं. वार्षिक सभेत शिल्लक वाचून दाखवली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी पद सोडलं त्या वर्षापर्यंत गच्ची तशीच राहिली. पाणी स्लॅबमध्ये उतरलं. आतलं लोखंड गंजलं. गंजलं की लोखंड फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. २०१६ च्या जुलैमध्ये ४०१ च्या आतल्या खोलीत स्लॅबचा तुकडा पडला. त्या पलंगावर त्यांचा नातू झोपायचा. त्या रात्री तो ताप आल्यामुळे आईजवळ बाहेरच्या खोलीत होता. नशीब म्हणायचं, दुसरं काय?

त्या घरचे भाऊ मला त्यानंतरही वाकून नमस्कार करतात. त्यांना माहीत नाही की ते कोटेशन माझ्या टेबलावर आठ महिने होतं. आज माहीत झालं.

सेंट पँक्रसची गोष्ट सांगून मी तुम्हाला इमारत राखा असं म्हणतोय, असं काहींना वाटेल. तसं नाही. ती विटा-दगडांची, आपली आरसीसीची, आणि आपल्या चार मजल्यांना लिफ्ट नाही. माझे गुडघे मलाही रोज तेच सांगतात. शिवाय तिथेसुद्धा सगळं जुनं ठेवून भागलं नाही. हॉटेलच्या बहुतेक खोल्या शेजारी नवी विंग बांधून त्यात केल्या, तशाच लाल विटांची. जुनं किती ठेवायचं आणि नवं कुठे जोडायचं, याचा हिशेब कुणीतरी बसून केला. आपण तो अजून केलेला नाही. आपण फक्त दोन पत्रं वाचली आहेत. त्यांत किती चौरस फूट वाढवून मिळतील ते लिहिलं आहे, पण आपल्या कॉलममधल्या लोखंडाची अवस्था त्यांत नाही. ती कशी असेल? पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं. आपलं एकदाच झालं, तेही तुकडा पडल्यावर.

बाहेरून लिफ्टचा मनोरा उभा करता येईल का, पाइप भिंतीबाहेर काढून किती खर्च येईल, गच्ची आणि वरच्या मजल्याचे स्लॅब वाचतील की नाही, हे ऑडिटर सांगेल. नाही वाचत म्हणाला तर पाडायच्या बाजूने पहिला हात माझा. अध्यक्षांना मी लेखी दिलं आहे की सभेआधी नवं ऑडिट करून घ्यावं, आणि खर्च सिंकिंग फंडातून करावा. हो, सिंकिंग फंडातून. मीच म्हणतोय.

जुन्या ऑडिटच्या अहवालाची प्रत सोसायटीच्या ऑफिसात कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. निळी फाइल. ४०१ चा फोटो त्यात आहे. किल्ली वॉचमनकडे मिळते, रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे बसेन. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी चष्मा घेऊन यावं, झेरॉक्स पुसट आहे.

सेक्रेटरी मघापासून मला घड्याळ दाखवताहेत, आणि बालमंडळींचा नाच व्हायचा आहे. मी बसतो.